त्याने न गायलेलं गाणं

एक्स जपान या बँडची सर्वोत्तम गाणी कोणती, यावर चाहत्यांमध्ये फारसं भांडण होत नाही. 'कुरेनाई', 'एंडलेस रेन', 'सायलेंट जेलसी', 'टीअर्स', 'रस्टी नेल', 'फॉरएव्हर लव्ह' आणि या सगळ्यांच्या वर २९ मिनिटांचं एकच एक गाणं, 'आर्ट ऑफ लाइफ'. क्रम मागेपुढे होईल, एखादं नाव कमीजास्त होईल, पण यादी साधारण हीच. माझीही हीच आहे. मला अडचण येते ती यादीच्या शेपटाशी. या बँडचा गिटारवादक हिदे २ मे १९९८ रोजी गेला. त्यानंतरही त्याची गिटार नव्या गाण्यात वाजली, तो रंगमंचावर दिसला, आणि मृत्यूनंतर सोळा वर्षांनी त्याच्या आवाजातलं एक नवं गाणं बाजारात आलं. त्या गाण्याचं अंतिम गायन त्याने कधी केलंच नव्हतं. यांतलं काय 'त्याचं' धरायचं?

प्रश्न चाहत्यांच्या यादीपुरता असता तर तो चाहत्यांवर सोडून देता आला असता. पण मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि ज्या गोष्टीला २०१४ साली यामाहासारख्या कंपनीचं तंत्र आणि एका मित्राची अफाट चिकाटी लागली, ती आज घरच्या लॅपटॉपवर एका संध्याकाळी होते हे मला दिसतं. तेव्हा एका जपानी गिटारवादकापुरता वाटणारा हा प्रश्न आता ज्यांच्याकडे गेलेल्या माणसाची चार ध्वनिमुद्रणं आहेत त्या सगळ्यांचा झालेला आहे.

आधी गाणी

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. चिबा प्रांतातल्या तातेयामा गावातल्या योशिकी आणि तोशी या दोन बालमित्रांनी १९८२ साली हा बँड काढला. तेव्हा नाव नुसतंच 'एक्स'. 'एक्स जपान' हे नाव १९९२ मध्ये आलं. तोशी गायक. योशिकी ड्रम आणि पियानो दोन्ही वाजवतो, आणि बँडची बहुतेक गाजलेली गाणी त्याचीच आहेत. तो दहा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली. 'टीअर्स'मध्ये तर तो थेट त्यांच्याशीच बोलतो. बाकीच्या गाण्यांतही ते सावट कुठे ना कुठे असतंच.

या गाण्यांची गंमत अशी, की ती दोन टोकं एकत्र बांधतात. 'सायलेंट जेलसी' पाश्चात्त्य शास्त्रीय वळणाच्या पियानोने सुरू होतं, आणि श्रोता जरा सैलावून बसतो न बसतो तोच ड्रम अशा वेगाने कोसळतात की तो पियानो दुसऱ्याच कुठल्या घरातून आला होता असं वाटावं. 'कुरेनाई' म्हणजे गडद लाल रंग. ते गिटारच्या एकेका सुट्या स्वराने, जवळजवळ कुजबुजत उघडतं आणि मग धावत सुटतं. 'आर्ट ऑफ लाइफ'मध्ये मधोमध बाकीची वाद्यं थांबतात आणि कितीतरी मिनिटं फक्त पियानो उरतो: एक साधी चाल पुन्हा पुन्हा येत राहते आणि तिच्यावर बेसूर आघातांचा मारा होत जातो. पहिल्यांदा ऐकताना हात थांबवण्याच्या बटणाकडे जातो. पण बंद केलं नाही तर लक्षात येतं की ती चाल मोडत नाहीये. २९ मिनिटांच्या गाण्याचा सगळा अर्थ त्या न मोडण्यात आहे.

मग यात हिदे कुठे आहे? संगीतकार म्हणून वरच्या यादीत त्याचं एकही गाणं नाही. त्याने बँडसाठी केलेली 'सेलिब्रेशन', 'जोकर', 'स्कार्स' ही गाणी वेगळ्या स्वभावाची आहेत: तिरकस, खोडकर, कधी कर्कश. तो मूळचा योकोसुकाचा, केशरचनेचं शिक्षण घेतलेला; १९८७ मध्ये बँडमध्ये आला. गुलाबी केसांचा, विदूषकासारखा रंगीबेरंगी. योशिकीच्या दुःखाला त्याच्या गिटारने हवा खेळती ठेवली, असं मला वाटतं. तो आणि पाता हे दोन गिटारवादक एकच चाल वरच्या-खालच्या पट्टीत जोडीने वाजवतात तेव्हा गाण्यातला आक्रोश अचानक उत्सवी होतो. हे कागदावरच्या स्वरलिपीत नसतं. वाजवणाऱ्याच्या हातात असतं.

तोशी बाहेर पडला, बँड फुटला, आणि ३१ डिसेंबर १९९७ला टोकियो डोममध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. चार महिन्यांनी हिदे गेला. वय ३३. पोलिसांनी आत्महत्या म्हणून नोंद केली. त्याला जवळून ओळखणाऱ्यांपैकी अनेकांनी तो अपघात मानला. त्सुकिजी होंगान्जी या टोकियोतल्या मंदिरात अंत्यसंस्काराला सुमारे ५०,००० माणसं लोटली. काही तरुण चाहत्यांनी त्याच्यामागोमाग स्वतःचा जीव दिला, आणि स्वतः कोसळलेल्या योशिकीला लोकांसमोर येऊन 'असं करू नका' म्हणावं लागलं. पुढे जी तंत्रज्ञानाची चर्चा करणार आहे ती या दुःखाच्या पार्श्वभूमीवर आहे, हे विसरायचं नाही.

पाच पायऱ्या

हिदेच्या मृत्यूनंतर त्याच्या नावावर जे आलं ते सगळं एका मापाचं नाही. त्याच्या पायऱ्या पाडता येतात.

पहिली पायरी 'पिंक स्पायडर'. हे गाणं १३ मे १९९८ला, म्हणजे तो गेल्यावर अकरा दिवसांनी आलं. काम त्याने संपवलेलं होतं, फक्त बाजारात यायचं होतं. इथे वाद नाही. पत्र टाकून माणूस गेला आणि पत्र नंतर पोचलं.

दुसरी पायरी 'जा, झू' हा नोव्हेंबर १९९८चा अल्बम. तो अर्धवट राहिला होता. त्याचा सहकारी इना आणि बँडमधले सोबती यांनी त्याने रेकॉर्ड करून ठेवलेल्या भागांच्या आधाराने तो पुरा केला. याची परंपरा जुनी आहे: मोत्सार्टचं 'रेक्विएम' त्याच्या मृत्यूनंतर ज्युसमायरने पुरं केलं, आणि आपण ते आजही मोत्सार्टचं म्हणूनच ऐकतो.

तिसरी पायरी 'आय.व्ही.'. एक्स जपान पुन्हा एकत्र आल्यावरचं हे पहिलं नवं गाणं. त्यात हिदेची गिटार आहे, पण ती त्याच्या जुन्या, अप्रकाशित ध्वनिमुद्रणांतून उचललेली. ते स्वर त्यानेच वाजवले होते, पण या गाण्यासाठी नाही. हे गाणं असणार आहे हेही त्याला माहीत नव्हतं.

चौथी पायरी, मार्च २००८. टोकियो डोममध्ये पुनरागमनाच्या कार्यक्रमात 'आर्ट ऑफ लाइफ' चालू असताना हिदेची जुन्या चित्रीकरणावरून बनवलेली प्रतिमा रंगमंचावर उमटली आणि जिवंत साथीदारांबरोबर वाजवू लागली. प्रथमदर्शनी सगळ्यात अंगावर येणारा प्रकार हाच. पण थोडा विचार केला की उलटंच दिसतं. त्या प्रतिमेत हिदे जे वाजवतोय ते त्याने खरोखर, याच गाण्यात, या बँडसोबत वाजवलेलं होतं. तमाशा मोठा आहे, पण खोटं काही नाही. तिसऱ्या पायरीवर डोळ्यांना काहीच खटकत नाही, आणि तरी तिथे त्याच्या हाताला त्याने न दिलेलं काम दिलेलं आहे.

पाचवी पायरी, 'को गॅल'. हे गाणं 'जा, झू'मध्ये यायचं होतं, पण त्याचं गायन रेकॉर्ड होण्याआधीच हिदे गेला, म्हणून ते वगळलं गेलं. मग इनाने हिदेच्या इतर ध्वनिमुद्रणांतले आवाजाचे तुकडे आणि यामाहाचं व्होकॅलॉइड तंत्र यांच्या मदतीने ते गायन उभं केलं, आणि डिसेंबर २०१४मध्ये गाणं प्रसिद्ध झालं. आवाज हिदेचाच. गाणारा मात्र कुणीच नाही.

ठिपक्यांच्या आत आणि ठिपक्यांच्या बाहेर

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात एक साधी गोष्ट शिकवतात. आलेखावर काही ठिपके दिले आहेत. दोन ठिपक्यांच्या मधली किंमत काढायची असेल तर ते अंतर्वेशन. शेवटच्या ठिपक्याच्या पुढे रेघ वाढवून किंमत काढायची असेल तर ते बहिर्वेशन. गणित दोन्हीकडे जवळपास तेच असतं, उत्तरही तितक्याच ठामपणे येतं. पण पहिल्यात दोन्ही बाजूंनी काहीतरी खरं धरून ठेवत असतं. दुसऱ्यात आपण आपल्याच रेघेवर चालत असतो, आणि चुकलो तर ते सांगायला पुढे कुणी नसतं.

हा फरक इथे मला उपयोगी वाटतो. 'जा, झू' पुरा करणारे सोबती ठिपक्यांच्या आत होते. आश्चर्य म्हणजे 'को गॅल'ही बऱ्याच अंशी आतच आहे: गाणं हिदेचं होतं, ते अल्बममध्ये घ्यायचा बेत त्याचा होता, आणि पुरं करणारा माणूस तो होता ज्याच्यासोबत हिदेने वर्षानुवर्षं यंत्रांशी खेळत गाणी बनवली. शिवाय हे कसं केलं ते उघड सांगितलं गेलं. मी त्याला गैर म्हणणार नाही. ते काठावर आहे, एवढंच.

काठाच्या पलीकडे काय असतं ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. १९८९ मध्ये वारलेल्या मिसोरा हिबारी या जपानच्या लाडक्या गायिकेचा आवाज २०१९ साली एआयच्या साहाय्याने पुन्हा घडवला गेला, आणि एनएचकेच्या वर्षअखेरच्या गायन-कार्यक्रमात तिने एक नवं गाणं म्हटलं, तिच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी लिहिलेलं. त्यात मध्येच बोललेला भाग आहे. श्रोत्यांची विचारपूस करणारी, त्यांची पाठ थोपटणारी वाक्यं. कित्येक जण रडले. कित्येक जण चिडले. मला दोन्ही बाजू समजतात, पण प्रश्न एवढाच विचारावासा वाटतो: ही विचारपूस केली कुणी? लिहिणाऱ्याने लिहिली, यंत्राने उच्चारली, आणि माया मात्र तिच्या खात्यावर जमा झाली.

मेलेल्याला काय फरक पडतो?

यावर सगळ्यात ताकदीचा आक्षेप दोन हजारांहून अधिक वर्षं जुना आहे. एपिक्युरस म्हणाला होता की आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो, आणि मृत्यू असतो तेव्हा आपण नसतो. जो नाही त्याला इजा कशी होणार? हिदेला आता काहीच वाटत नाही. मागे राहिलेल्यांना मात्र वाटतं, आणि त्यांना आनंद होत असेल तर अडवणारे आपण कोण?

इजा म्हणजे दुखणं, एवढाच अर्थ असेल तर हे बिनतोड आहे. पण आपण तसं वागत नाही. मृत्युपत्र आपण पाळतो. गेलेल्या माणसाच्या तोंडी न बोललेली वाक्यं घातली तर त्याला खोटं म्हणतो, आणि ते खोटं फक्त ऐकणाऱ्याशी बोललेलं खोटं नसतं. कारण 'हे मी म्हटलं' या वाक्यात एक जबाबदारी असते. 'जोकर' कुणाला आवडलं नाही तर तो हिदेला नावं ठेवू शकतो. हिदेने ते केलं, त्याची बरीवाईट किंमत त्याची. यंत्राने घडवलेल्या गायनात एखादी जागा फसली तर नावं कुणाला ठेवायची? आणि ती साधली तर दाद कुणाला? ज्या आवाजाला चुकता येत नाही, त्या आवाजाचं कौतुकही पोकळ होतं.

दुसरा आक्षेप जास्त जवळचा आहे: हिदेला हे आवडलं असतं. त्याला यंत्रांचं वेड होतं, नव्या आवाजांची भूक होती. शक्य आहे. पण 'त्याला आवडलं असतं' हे वाक्य आपण नेहमी आपल्याला जे करायचं असतं त्याच्याच बाजूने वापरतो. आणि यात एक तांत्रिक गोम आहे. रेकॉर्ड झालेला आवाज म्हणजे गायकाने ठेवलेला आवाज. त्यामागे त्याने फेकून दिलेले किती प्रयत्न असतात: ही जागा नको, हा शब्द नको, हे फार गोड होतंय. यंत्राला जे राहिलं ते शिकवता येतं. जे टाकलं ते का टाकलं, हे शिकवता येत नाही. म्हणजे आपण त्याच्या होकारांची सरासरी काढतो. माणूस मात्र त्याच्या नकारांनीही घडलेला असतो, आणि केसांच्या रंगापासून गिटारच्या आवाजापर्यंत सतत कूस बदलणाऱ्या हिदेसारख्याच्या बाबतीत तर जरा जास्तच.

आजीचं मंगलाष्टक

तिसरा आक्षेप सांत्वनाचा. तो मला तत्त्वज्ञानातून नाही, घरातून कळला. माझी आजी घरातल्या प्रत्येक लग्नासाठी स्वतः मंगलाष्टक रचायची आणि स्वतःच म्हणायची. शार्दूलविक्रीडितात, आठव्या कडव्यापर्यंत दम टिकवून. त्यात दोन्हीकडच्या माणसांची नावं गुंफलेली असत, आणि एखादा चिमटाही: कुणाच्या विसरभोळेपणाला, कुणाच्या खादाडपणाला. ती गेल्यावर तीन वर्षांनी आतेबहिणीचं लग्न ठरलं. चुलतभाऊ म्हणाला, तिच्या दोन लग्नांच्या चित्रफिती आहेत, व्हॉट्सॲपवरचे कितीतरी निरोप आहेत, तू सॉफ्टवेअरवाला, बनव की आजीच्या आवाजात नवीन मंगलाष्टक. वेळ फार लागला नसता. आतेबहिणीचे तर ऐकूनच डोळे भरून आले.

आत्या तिथेच भाजी निवडत बसली होती. तिने विचारलं, "आणि शब्द कुणाचे?"

"आम्ही लिहू ना."

"मग तुम्हीच म्हणा की."

ती रागावली नव्हती. तिला फक्त समजत नव्हतं की शब्द आमचे असतील तर आवाज तिच्या आईचा का हवा. चुलतभावाने थोडा वाद घातला, पण मला त्या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही. आजीच्या मंगलाष्टकात चिमटा कुणाला काढायचा हे ती ठरवायची. नव्या जावयाला ती काय म्हणाली असती, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ते तिनं त्याला आधी भेटून, जोखून ठरवलं असतं. आम्ही तिच्या तोंडून जे वदवलं असतं ते आम्हाला तिनं म्हणावंसं वाटत होतं ते. शेवटी आम्ही तिघांनी लिहिलं आणि तिघांनी म्हटलं. वृत्त दोन ठिकाणी लंगडलं, सूर त्याहून जास्त ठिकाणी. आत्या हसत होती आणि डोळेही पुसत होती.

सांत्वन खोटं असतं असं मला म्हणायचं नाही. ते यंत्राकडूनही मिळतं, याबद्दल शंका नाही. पण अशा सांत्वनात काम गेलेल्या माणसाला लावलेलं असतं आणि आपण बसून ऐकतो. आठवण काढणं ही आपण करायची गोष्ट आहे. ती मेलेल्याकडूनच करून घ्यायची म्हणजे त्याला पुन्हा कामाला जुंपणं.

परवानगीचा मुद्दा उरतोच. २०२४च्या 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटासाठी ए. आर. रहमानने बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, तेव्हा कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला. हे सभ्यपणाचं आहे, आणि कायदा निदान एवढं तरी मागेल अशी आशा आहे. पण वारशात हक्क येतात, पैसा येतो. 'हे गाणं मी म्हणणार नाही' असं म्हणण्याची गायकाची आवडनिवड वारशात येत नाही. कुटुंब त्याच्या वतीने हो म्हणू शकतं. त्याचा नकार मात्र त्याच्यासोबत गेलेला असतो.

रिकामी जागा

मग हिदेची जागा रिकामी ठेवायची का? एक्स जपानने या प्रश्नाचं एक साधं उत्तरही दिलेलं आहे, आणि पडद्यावरच्या प्रतिमेपेक्षा मला ते जास्त पटतं. २००९ मध्ये लूना सी या बँडचा सुगिझो त्यांच्यात रीतसर सामील झाला. तो हिदेच्या जागी वाजवतो, पण हिदे बनत नाही. त्याचा हात त्याचाच राहतो. हिदेचं नाव सदस्यांमध्ये अजून घेतलं जातं. दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात.

आणि गाणी तर कधीच बँडच्या हातातून निसटली आहेत. जपानमधल्या शालेय बेसबॉलच्या सामन्यांत प्रेक्षकांतले शाळेचे वाद्यवृंद खेळाडूंना चेव आणायला 'कुरेनाई' वाजवतात: तुताऱ्या, ढोल, उन्हाने लाल झालेली पोरं. हिदे गेला तेव्हा यांतल्या कुणाचा जन्मही झालेला नव्हता. 'एंडलेस रेन'चं ध्रुवपद मैफलीत तोशी थांबल्यावरही लोक म्हणत राहतात, वाद्यं बंद झाल्यावरही. त्यात सूर चुकलेले असतात, आणि ते चुकणारी माणसं तिथे हजर असतात.

म्हणून माझी यादी मी दोन भागांत करतो. वर नेहमीची सात, त्यांत अर्थातच 'आर्ट ऑफ लाइफ' पहिलं. खाली, एक ओळ सोडून, 'को गॅल'. मी ते ऐकतो, आणि इनाने त्यावर घालवलेल्या दिवसांबद्दल मला आदर आहे. फक्त त्याच्यापुढे 'गायक: हिदे' असं लिहीत नाही. तिथे मी लिहितो, 'गाणं हिदेचं. आवाज जुळवला इनाने, मित्रासाठी'.